भट्टी चिरली, ऐरण बसली: मिस्त्रीमामांना विचारा

मृग तोंडावर आला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी वेल्डिंग, लेथ, मोटर रिवाइंडिंग असलं विचारणारी मंडळी असतात, आणि मे महिना लागला की एकदम लोहारकामवाले जागे होतात, कारण फाळ, पास, कुदळी, खुरपी सगळं एकाच वेळी दारात येऊन पडतं आणि त्याच वेळी भट्टी दगा देते. यावेळी त्यातलीच पत्रं घेतलीत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून फक्त गाव नाहीतर तालुका दिलाय.

मामा, नमस्कार. आमची वडिलोपार्जित टेबल भट्टी आहे, मधोमध बिडाचं (ओतीव लोखंडाचं) भांडं बसतं ते तळापासून काठापर्यंत चिरलंय. वारा चिरेतनं बाहेर जातो आणि विस्तव एका अंगालाच पेटतो. गावातला वेल्डर म्हणतो साध्या रॉडनं जोडून देतो, गडहिंग्लजमधला म्हणतो निकेल रॉड लागणार, पैसे जास्त पडतील. मृगाच्या आत निदान पन्नासभर फाळ शेवटून, म्हणजे टोकं तापवून ठोकून धार काढून, द्यायचेत. कुणाचं ऐकू? — एक वाचक, गडहिंग्लज तालुका

भावा, दोघांचंही ऐकू नकोस. साध्या रॉडनं बीड जोडलं तर टाक्याच्या शेजारची पट्टी काचेगत कडक होते आणि गार होता होताच टण्णकन आवाज येऊन तिथंच नवी चीर पडते. निकेल रॉडवाला खोटं बोलत नाहीये, पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं कव्हर असल्या कामाला तो रॉड खरंच चालतो, भाग आधी तापवून घेतला आणि नंतर राखेत पुरून हळू गार केला तर. पण तुझं भांडं रोज सकाळी लाल होणार आणि रोज रात्री गार पडणार, टाका वेगळ्या मापानं फुगणार नि बीड वेगळ्या, मग महिना दोन महिन्यांत टाक्याच्या कडेनं परत उकलणार आणि रॉडचे पैसे गेले ते गेलेच. माझं तर स्पष्ट मत आहे की भट्टीत जे विस्तवाला चिकटून असतंय ते खपायचं सामान समजायचं, त्याच्यावर जीव लावायचा नाही, आणि जे मार खातंय म्हणजे ऐरण, घण, सांडशी, त्याच्यावर मात्र वेळ नि पैसा दोन्ही घालायचा. लोक नेमकं उलटं करतात.

आता मृगापुरती सोय. भांडं टेबलातनं बाहेर काढ, तारेच्या ब्रशनं आतलं सगळं खरवडून काढ, आणि चिरेच्या दोन्ही अंगाला बाहेरून भोकं मारून एक जाड पट्टी बोल्टनं आवळून टाक म्हणजे चीर वाढायची थांबेल. मग फाउंड्रीचं सामान विकणाऱ्याकडनं फायर क्ले आण, त्यात तीच माती पक्की भाजून केलेली फायर ब्रिक कुटून निम्म्याला निम्मी घाल, पाणी अगदी बेताचं, मुठीत दाबली तर लाडू व्हावा एवढंच, आणि आतून इंचभर थर ठोकून बसव. दोन दिवस सावलीत, त्यानंतर बारीक काटक्यांचा विस्तव, आणि मगच कोळसा नि वारा. घाई केलीस तर आतलं पाणी वाफ होऊन थर फुटून उडतो. सिमेंट अजिबात घालू नको, लोक घालतात, ते तापून भुगा होतं. नदीतले गोटे लावून खड्डा बांधायचा सल्लाही कुणी देईल, तेही नको, ओला गोटा विस्तवात फुटला तर थेट तोंडावर येतो.

पावसाळ्यात जरा उसंत मिळाली की नवीन भांडं कर. कोल्हापूर जिल्ह्यात राहून बिडाच्या भांड्यासाठी रडायचं म्हणजे कमालच म्हणायची, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात ओतकाम करणारे केवढे लोक बसलेत. मोठ्या फाउंड्रीत जाऊ नको, तिथं गाड्यांच्या हजारो नगांच्या ऑर्डरी चालतात, तुझ्या एका भांड्यासाठी कोण मोल्ड लावणार. लहान जॉबवर्कवाला गाठ, त्याचा ओतायचा दिवस विचार, आणि तुझं फुटकं भांडंच पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) म्हणून ने, चीर लांबी म्हणजे पुट्टी लावून बुजवून, घासून गुळगुळीत करून. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: बीड गार होताना साधारण शंभरात एक एवढं आकसतं, म्हणजे १२ इंची काठ असला तर नवीन नग ३ मिलिमीटरनं लहान येणार. खोलीला त्याचा फरक पडत नाही, पण काठ जर टेबलाच्या भोकावर नुसता टेकत असेल तर नवीन भांडं सरळ खाली जाईल. म्हणून पॅटर्नच्या काठाला आधीच पुठ्ठ्याची नाहीतर पत्र्याची पट्टी चिकटवून माप वाढवून घे. जाडी सगळीकडं सारखी, १२ ते १५ मिलिमीटर, आणि आतल्या कोपऱ्यांना गोलाई, धारदार कोपरा ठेवलास की चीर तिथनंच सुरू होणार.

ओतायचं नसेल तर १० किंवा १२ मिलिमीटर लोखंडी प्लेटचं चौकोनी उतरतं भांडं वेल्ड करून घे, ते जळून जळून पातळ होईल पण चिरणार नाही, आणि वारा येतो त्या जाळीपासून वर चारेक इंच खोली असली की दगडी कोळशाला पुरते. ट्रकचा जुना ब्रेक ड्रमसुद्धा चालतो, भंगारात मिळतो, मात्र तो फार खोल असतो, तळाला फायर क्ले भरून वर आणावा लागतो.

आणि ते चिरलं का हे पण बघ की. माझी खात्री आहे की खंगर, म्हणजे कोळशाचा वितळून साचलेला मळ, काढताना तू सळईनं भांड्यालाच ठोकतोस, नाहीतर संध्याकाळी घरी जायच्या घाईत विस्तवावर बादली ओततोस. खंगर पातळ असताना कधीच निघत नाही. वारा बंद कर, पाच मिनिटं बीडी ओढून ये, तोवर ते तळाला जमून घट्ट वडी होतं, मग आकडा खाली घालून अख्खं एका तुकड्यात उचलता येतं, भांड्याला एक टोलाही लागत नाही.

मामा, आमच्यात भाता मीच ओढते, सासरे ऐरणीवर असतात. भात्याचं कातडं घड्यांवर फाटलंय, आम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून चालवतोय. कापशीतल्या चपलावाल्यांकडनं कातडं आणून लावलं तर चालेल का, का सरळ ब्लोअर घेऊ? मालक म्हणतात ब्लोअर, सासरे म्हणतात भाता. — एक वाचक भगिनी, कागल तालुका

ताई, घरातल्या भांडणात मला ओढू नका, पण कातड्याचं सांगतो. कोल्हापुरीला लागणारं कातडं म्हणजे म्हशीचं, बाभळीची साल नि हिरड्यात कमावलेलं, आणि त्यातलं तळाचं तर मुद्दाम कडक ठेवलेलं असतं, कारण ते पायाखाली झिजायचं असतं. भात्याला नेमकं उलटं पाहिजे. दिवसातनं हजारो वेळा घडी पडणार नि उलगडणार, तिथं कडक कातडं लावलं की पहिल्याच हंगामात घडीवर तडकतं. म्हणून चपलावाल्याला सांगतानाच सांगा की वरच्या पट्ट्याला वापरता त्यापेक्षाही पातळ आणि मऊ हवंय, शेळीचं मिळालं तर दुहेरी लावा. लावायच्या आधी कातडं ओलं करून, अर्धवट वाळलं की एरंडेल तेल चोळून मुरवा, दोन तीनदा, आणि घड्या सुकायच्या आत हातानं पाडून ठेवा. शिवण लाकडाच्या काठावर, त्याच्यावर कातड्याची पट्टी आणि मग खिळे, नुसते खिळे मारले तर भोकं वाढत जातात.

पण कातडं आणायच्या आधी एक करा. भात्याचं तोंड ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा आणि वरचं फळकूट दाबा. वारा कुठनं फुसफुसतो ते कान लावून ऐका, हात फिरवला तर लगेच कळतं. बरेचदा कातड्याला उगीच दोष दिला जातो, आतली वारा घ्यायची झडप वाळून वाकडी झालेली असते आणि निम्मा वारा तिथनंच परत जातो. झडपेचा तुकडा बदलायला पैसे काय लागत नाहीत. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, तेल लावलेलं कातडं त्यांना फार आवडतं, म्हणून काम नसताना भाता टांगून ठेवावा.

आता भाता का ब्लोअर. लोणारी (लाकडी) कोळसा जाळत असाल तर भाताच बरा, त्या कोळशाला वारा हळू लागतो, मोटरच्या वाऱ्यानं निम्मा कोळसा ठिणग्या होऊन उडून जातो. दगडी कोळसा किंवा हार्ड कोक असेल तर सतत वारा हवा, कोक तर वारा थांबला की विझायलाच लागतो, तिथं तुमचा खांदा आयुष्यभर पुरणार नाही. मला विचाराल तर हातानं फिरवायचा चाकाचा पंखा घ्या, रस्त्याकडेला पाल टाकून बसणारी घिसाडी मंडळी वापरतात तसला. त्यांची भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि तो पंखा, बास, आणि त्यांच्यातल्या बायका वरनं घणही मारतात, त्यांचं काम बघून ठेवा कधीतरी. लाईट गेली तरी पंखा चालतो आणि पाहिजे तेवढाच वारा देता येतो.

एक धोक्याची गोष्ट. दगडी कोळशाची भट्टी धुमसत ठेवून भाता थांबवला की कोळशातला गॅस नळ्यातनं उलटा भात्यात शिरतो, आणि परत पहिला दाब दिला की आतल्या आत भडका उडून भाता फाटतो. थांबताना नळा भट्टीपासून बाजूला करा, परत चालू करताना दोन हलके दाब मोकळ्यावर द्या, मगच जोडा. ब्लोअरवाल्यांनाही हेच लागू.

शिरोलीतनं एक वाचक विचारतात: इलेक्ट्रिक ब्लोअरचा वारा कमी करायला सिलिंग फॅनचा रेग्युलेटर लावला, तर मोटर नुसती गुरगुरते आणि तापते. मोटर गेली का?

अजून गेली नसेल, पण तसंच चालवलंत तर जाईल. तुमची मोटर बिनब्रशची असणार, तिला असला रेग्युलेटर चालत नाही. रेग्युलेटर काढून टाका, ब्लोअरच्या वारा घ्यायच्या तोंडावर सरकता पत्रा लावा आणि तो कमीजास्त करा, मोटरला उलट हलकं जातं. रेग्युलेटर काढूनही सुरू होताना गुरगुरली आणि हातानं पंखा ढकलल्यावर फिरली तर कपॅसिटर बदला. कार्बन ब्रशचा हातातला ब्लोअर असेल तर त्याला रेग्युलेटर चालतो, पण तो दिवसभराच्या कामाचा नाही. आणि ब्लोअरपासून भट्टीपर्यंत जीआय (जस्त चढवलेला) पाईप लावला असेल तर विस्तवाजवळचा तुकडा काढून काळा, बिनजस्ताचा पाईप लावा. जस्त ९०७ अंशाला उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

मामा, आजोबांची ऐरण आहे, शिंगाची म्हणजे एका टोकाला निमुळता सुळका असलेली, मधे खळगा पडलाय आणि कडा उडाल्यात. उद्यमनगरात मिलिंग मारून आरशागत सपाट करून मिळेल असं कळलं. मारू का? नाहीतर विकून नवीन घेऊ? — एक वाचक, गारगोटी

विकू नका आणि मिलिंग तर मुळीच मारू नका!

जुन्या विलायती ऐरणींमध्ये अंग मऊ लोखंडाचं आणि वर पोलादाचा पाणी दिलेला (तापवून विझवून कडक केलेला) पाट तापवून जोडलेला असायचा. तो पाट काही हातभर जाड नसतो, बोटाच्या जाडीचा, आणि त्यातला खरा कडक थर वरचाच. मधला खळगा काढायला तुम्ही सगळीकडनं तीन चार मिलिमीटर खरवडलंत की राहिलेला पाट पातळ आणि मऊ, दोन वर्षांत पहिल्यापेक्षा मोठा खळगा. पाट आहे का बघायचं असेल तर बाजूला एका ठिकाणी गंज घासून चकचकीत करा, जोडाची रेघ दिसते बऱ्याचदा.

मुळात खळग्याचा त्रास होतोय का ते सांगा. थोडा खळगा कामाचाच असतो, वाकडा कोयता सरळ करायला सपाट ऐरणीपेक्षा खळग्यावर लवकर होतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा कोयत्यांचा ढीग लागतो, त्या वेळी विचारा कुठल्याही लोहाराला. सपाट जागा लागलीच तर शिंगाच्या बाजूचा किंवा टोकाचा थोडा भाग बहुतेक सपाटच राहिलेला असतो, कारण सगळे मधेच मारतात.

उडालेल्या कडांचं वेगळं. त्या धोकादायक, कडेचा तडकलेला तुकडा घणाखाली उडून डोळ्यात जातो. ग्राइंडरनं तडा संपेपर्यंत घासा आणि कडेला गोलाई द्या, मात्र एका जागी ग्राइंडर दाबून निळं पडू देऊ नका, निळं झालं की तिथलं पाणी उतरलं. धारदार कड पाहिजेच असा हट्ट नको, तसल्या कडेवर लोखंड दुमडलं की आत घडी राहते आणि तिथंच पुढं तुटतं.

कड फारच गेली असेल तर भराव घालता येतो, पण तो वेल्डर ऐरणीचं काम जाणणारा हवा. आधी अख्खी ऐरण २०० अंशाच्या आसपास तापवायची, नुसता टाक्याजवळचा भाग नाही. थर्मामीटर नसला तर पाण्याचा थेंब टाकून बघायचं: थेंब पसरून चुर्रर्र आटला तर अजून कमी आहे, गोळी होऊन नाचत पळाला की झालं. मग ७०१८ चा कोरडा, ओव्हनमधला रॉड, त्यानं भराव, वरचा शेवटचा थर हार्डफेसिंगच्या (कडक थर देणाऱ्या) रॉडचा, थोडं थोडं करत, आणि शेवटी राखेत नाहीतर चुन्यात पुरून रात्रभर. थंड ऐरणीवर टाके मारून देतो म्हणणाऱ्याला दारातनंच परत पाठवा.

हे सगळं पोलादी ऐरणीचं बरं का. बिडाच्या ऐरणीवर एक रुपया घालू नका. ओळखायची कशी? भंगारातनं इंचभर जाडीची बेअरिंगची गोळी आणा, १० इंचावरनं ऐरणीवर सोडा. चांगल्या ऐरणीवर ती सात आठ इंच परत उसळते आणि आवाज खणखणीत येतो, बिडाच्या ऐरणीवर निम्म्यालाही पोचत नाही, थप्पकन बसते. जुन्या बाजारात नवा रंग मारून बिडाच्या ऐरणी पोलादी म्हणून गळ्यात मारतात, गोळी खिशात घेऊनच जावं. आणि तुमची शिंगाची नसून आपल्याकडची चौकोनी, खोडात पुरलेली ऐरण असती तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं: उपटा आणि उलटी करून पुरा, दुसरं तोंड कोरं आहे.

खोडही बघा जाता जाता. खोड कुजून ऐरण हलायला लागली की मारातला जोर हलण्यातच जातो आणि लोक म्हणतात ऐरण मऊ झाली. बाभळीचं खोड, वर लोखंडी धाव तापवून चढवलेली, बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशीच. उभ्यानं काम करत असाल तर हात सोडून उभं राहिल्यावर मूठ जिथं येते तिथं ऐरणीचं तोंड.

रेल्वे रुळाचा तुकडा ऐरण म्हणून चालतो का? भंगारवाला देतो म्हणतोय. — जयसिंगपूर

चालतो की, पोलाद उत्तमच. पण रूळ आडवा ठेवला तर मधला भाग बारीक असल्यामुळं घणाखाली झणझणतो. उभा पुरा, वरच्या तोंडावर मारा, म्हणजे सगळं वजन माराच्या खाली येतं. वजनही कमीच पडतं, आपल्याकडचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो भरणारे, म्हणजे फुटाचा तुकडा १६ ते १८ किलो. खुरप्या विळ्याला ठीक, फाळाला हलका. आणि पावती घ्या. रेल्वेचा माल बेकायदा जवळ सापडला तर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, भंगारवाला हात वर करून मोकळा होतो.

काका, मी राजारामपुरीत राहतो, गच्चीवर छोटी गॅस भट्टी बनवलीय, किचनचे सुरे बनवतो. आतली सिरॅमिक वूल खाली वितळल्यासारखी झालीय आणि भिंतीचे पापुद्रे निघतात. परत तीच लावू का? आणि घरच्या सिलिंडरवर पूर्वीएवढी हीट येत नाही. — एक विद्यार्थी

तळ खाल्ला तो सवागीनं, म्हणजे टाकणखारानं. तू लोखंडाचे थर जोडायला तो टाकत असणार, तो वितळून खाली गळतो आणि पावसात साखर विरघळावी तशी वूल विरघळते. नवीन लावताना भिंतीला २५ मिलिमीटरचे दोन थर लाव, पण तळाला हाय ॲल्युमिनाची फरशी टाक, ती खराब झाली की तेवढीच बदलायची. वुलवर फायर मॉर्टरचा लेप पाहिजेच, नुसती उघडी ठेवायची नाही, तिचे तंतू हवेत उडतात. जुनी काढताना तर जास्तच जप, तापून तापून तिच्यात फुफ्फुसाला घातक असा बारीक सिलिका तयार होतो. आधी पाण्यानं भिजव, चांगला मास्क लाव, ओलीच पिशवीत भर, झाडूनं झाडू नको.

सिलिंडरचं ऐकून मात्र काळजी वाटली. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर असल्या कामाला वापरायची परवानगीच नाही, १९ किलोचा कमर्शियल घे. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर शेगडीपुरताच दाब देतो, तो काढून कुणी जुगाड सांगितला तर करू नको, हाय प्रेशर रेग्युलेटर नि त्याचा होज विकत मिळतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गच्चीवर गळाला तर जिन्यातनं खाली घरात उतरतो, म्हणून भट्टी जिन्याच्या दारापासून लांब. आणि हीट कमी येण्याचं दुसरं कारण, सिलिंडर बाहेरनं बर्फागत गार पडलाय का बघ, लहान सिलिंडरमधनं जोरात गॅस ओढला की आतला दाबच पडतो. त्याला गरम पाण्यात ठेवायचं डोकं लढवू नकोस, मोठा सिलिंडर हाच उपाय.

हातोड्याचा दांडा सारखा ढिला होतो, रात्री पाण्यात बुडवून ठेवला की दुसऱ्या दिवशी घट्ट. रोज बुडवला तर काही बिघडतं का? — पन्हाळा

बिघडतं. लाकूड फुगतं तेव्हा भोकात दबून चेंगरतं, आणि वाळलं की पहिल्यापेक्षा बारीक होतं. दांडा काढा, नवीन वाळलेल्या बाभळीचा घाला, लाकडी पाचर आधी नि तिच्यावर आडवी लोखंडी पाचर, आणि डोक्याकडचा भाग जवसाच्या तेलात रात्रभर उभा ठेवा. तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतं, बाहेर तारेवर पसरून वाळवा.